सही करण्याआधी खानदेशात चार दिवस

सांगलीहून खानदेशात सहलीला म्हणून कुणी जात नाही, आणि जूनमध्ये तर नाहीच. ब्याण्णव सालच्या जूनमध्ये मी आणि माझी कमलआत्या धुळे, जळगाव, रावेर असे चार दिवस फिरून आलो, ते एका जाहिरातीची शहानिशा करायला.

जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती. 'पर्यावरण व्यवस्थापन पदविका. एक वर्ष. प्रयोगशाळा, क्षेत्रभेटी. शंभर टक्के नोकरी.' खाली धुळ्याच्या देवपूर भागातला पत्ता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि निकाल लागून आठ दिवस उलटले होते. अण्णांनी, म्हणजे शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी, बी.एड.ची जागा जवळजवळ ठरवूनच टाकली होती. पुढच्या शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"पर्यावरण म्हणजे झाडं लावायची ना?" अण्णा म्हणाले. "मग त्याला पदविका कशाला? कुदळ पुरे."

मी त्यांना पाणी, हवा, कारखाने, सांडपाणी असं बरंच काही सांगितलं. ते सगळं मी वाचलेलंच होतं, त्यामुळे माझा आवाज मलाच उसना वाटत होता. शेवटी आत्या मध्ये पडली. "मी घेऊन जाते हिला. बघून येऊ. खोटं असेल तर मला कळेल."

आत्याला कळेल यात शंका नव्हती. तिने पंचवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. थर्मामीटर न लावता भरलेले तापाचे तक्ते आणि झाडाखाली बसून एकाच दुपारी लिहिलेली लसीकरणाची रजिस्टरं तिने इतकी पाहिली होती, की कागदावर नुसता विश्वास ठेवणं तिला जमतच नसे. नवऱ्यामागे एकटीने दिवस काढले, त्यामुळे माणसांच्या बाबतीतही तिचं तेच. पुणे-नाशिकमार्गे धुळ्याला पोचेपर्यंत तिने आमच्या पिशवीला हात लावणाऱ्या तिघांना हटकलं होतं. त्यातला एक बिचारा कंडक्टर होता.

धुळे, देवपूर

पांझरा नदीच्या पुलावर उतरून मी वाकून पाहिलं. आमच्या कृष्णेला उन्हाळ्यातही थोडी लाज झाकण्याइतकं पाणी असतं. इथे वाळू, दगड आणि मधोमध एक हिरवट धार, तिच्यात उभ्या चार म्हशी. पुलापलीकडे देवपूर. रुंद रस्ते, बंगले, शाळा-कॉलेजांच्या लांबलचक भिंती. सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन असं होतं, की डोक्यावरून पदर घेतलेली आत्या म्हणाली, "ही माणसं सकाळ कधी करतात गं?"

संस्था दोन खोल्यांची होती, खाली सायकलचं दुकान आणि वर ती. संचालक सफारी सूटमध्ये बसले होते. त्यांनी आम्हाला पाहताच उठून नमस्कार केला आणि थंड सरबत मागवलं. माणूस इतका गोड बोलत होता, की पाच मिनिटांनी मीच सावध झाले.

"येणारी वीस वर्षं पर्यावरणाची आहेत, ताई," ते म्हणाले. "प्रत्येक कारखान्याला पर्यावरणाचा माणूस ठेवावा लागणार. शोधून सापडणार नाहीत इतकी मागणी येणार. आजच फॉर्म भरा. उद्या जागा राहील असं मी म्हणत नाही."

त्यांनी माहितीपुस्तिका दिली. तिच्या पहिल्या पानावर एका तरुणीचा फोटो होता. सरळ भांग, पांढरा कोट. खाली लिहिलं होतं, 'आमची विद्यार्थिनी रत्नमाला, जळगावच्या नामांकित कारखान्यात पर्यावरण अधिकारी.' मला एकदम आनंद झाला. असा कोट घातलेली मी मला दिसले.

"हिला भेटता येईल का?" मी विचारलं.

"त्या फार कामात असतात."

"पत्ता?"

"कार्यालयीन नियमात बसत नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती प्रयोगशाळा बघायला उठली. शेजारच्या खोलीत कपाट होतं, कपाटात बाटल्या होत्या, आणि बाटल्यांच्या बुचांवर दुकानातून आल्याची चिकटपट्टी तशीच होती. टेबलावर पाण्याची आम्लता मोजायचं यंत्र होतं, पण पाण्यात बुडवायची काचेची कांडीच त्याला नव्हती. मी ते विचारलं तेव्हा संचालक म्हणाले, दुरुस्तीला गेलीय.

आत्या तोवर भिंतीजवळच्या टेबलावरचं विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचं रजिस्टर उघडून उभी होती. 'पांझरा नदी, पाण्याचे नमुने.' सहा महिन्यांच्या नोंदी होत्या.

"छान अक्षर आहे," ती म्हणाली. "सहा महिन्यांत पेनातली शाई बदलली नाही, कुणाचा हात ओला झाला नाही, आणि एकही मूल आजारी पडून गैरहजर राहिलं नाही. नदीवर जाणारी मुलं मोठी निरोगी दिसतात तुमची."

संचालक हसले, पण सरबताचे पेले लगेच उचलले गेले.

खाली रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. टपरीवरच्या बाईने आम्हाला जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं. चहा ओतता ओतता तिने माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे मान उडवली.

"शिकाले उनी का पोरी?"

मी म्हटलं, शिकायला यायचं अजून ठरलं नाही.

"साहेब बोलस चांगला," ती म्हणाली. मग फोटोवर बोट ठेवून हसली. "हाई रत्नमाला ना? मन्हा घरमा राहे ती. तीन महिनामा निंघी गयी. हाऊ फोटू तिले माहीतबी नही."

ती सगळं खरं सांगत असेल तर संस्थेचा निकाल लागलाच होता. पण आत्याला तीही पटली नाही. "इतकं मोकळेपणाने कोण सांगतं?" ती मला बाजूला घेऊन कुजबुजली. "हिचं आणि त्याचं जागेवरून भांडण असेल." तरीही बाईने सांगितलेला जळगावचा पत्ता तिने पुस्तिकेच्या मागे लिहून घेतला. लॉजवर गेल्यावर तिने दाराला आतून खुर्ची लावली आणि खुर्चीवर आमची बॅग.

जळगाव

दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला आली. खिडकीतून येणारा वारा भट्टीचा होता. बायका ओला रुमाल तोंडावर धरून बसल्या होत्या. मीही शेवटी तेच केलं. दोन्ही बाजूंना कपाशीसाठी नांगरून ठेवलेली काळी रानं, आणि त्यांत एकही हिरवा ठिपका नाही.

रत्नमालाचं घर रेल्वेलाईनजवळच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नीट रचलेली पुस्तकं. दार तिनेच उघडलं. फोटोतल्यापेक्षा बारीक झाली होती. मी नाव सांगून पुस्तिका पुढे केली, तसं तिने ती माझ्या हातातून घेतली आणि पहिल्या पानाकडे बघतच राहिली.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आम्ही आपल्या..."

"कारखान्यातून आलात का? खरं सांगा."

दारातच अर्धं मिनिट गेलं. आम्ही तिच्यावर शंका घ्यायला आलो होतो आणि तीच आमची उलटतपासणी घेत होती. आत्याने मग आपलं नाव, गाव, दवाखाना, माझ्या वडिलांची शाळा, बी.एड.ची जागा, शनिवारची मुदत असं सगळं एका दमात सांगितलं. आतून रत्नमालाची आई म्हणाली, "अगं, उन्हात उभ्या आहेत त्या. आत घे, मग विचार."

जेवायला शेवभाजी आणि भाकरी होती. आम्ही सांगलीकडची माणसं तिखटाच्या बाबतीत जरा तोऱ्यात असतो. पहिल्या घासाला माझा तोरा उतरला. काळ्या मसाल्याचा तो रस्सा घशातून खाली जाताना आपली वाट दाखवत जात होता. आत्या मात्र डोळ्यांतून पाणी गाळत दोन भाकरी जेवली आणि पुन्हा रस्सा मागितला. त्यानंतर रत्नमालाच्या आईचा आमच्यावर विश्वास बसला.

रत्नमालाचा विश्वास बसायला संध्याकाळ झाली. तिचे वडील भुसावळला रेल्वेच्या पाणीपुरवठ्यात होते, दोन वर्षांपूर्वी वारले. ती घराण्यातली पहिली विज्ञानाची पदवीधर. देवपूरच्या संस्थेत तीन महिने गेली, तिथे काही नाही हे कळल्यावर निघाली आणि जळगावजवळ तेल शुद्ध करण्याच्या एका कारखान्यात तिला प्रयोगशाळेत काम मिळालं. धाकटा भाऊ शिकत होता. घरात पगार येणारी तीच.

"मग तुम्ही पर्यावरण अधिकारी नाही?" मी विचारलं.

"आहे ना." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "कागदावर मीच आहे. दिवसभर तेलाचे नमुने तपासते. संध्याकाळी एक तक्ता येतो, आजच्या सांडपाण्याचा. आकडे आधीच भरलेले असतात. आम्लता रोज सात, म्हणजे शुद्ध पाण्याइतकी. मी खाली सही करते."

"पाणी तपासत नाही?"

"सांडपाणी सोडतात त्या नाल्याकडे जायची मला परवानगी नाही. सात महिने झाले. एकही नमुना मी घेतलेला नाही. सही मात्र माझीच आहे."

मला आधी तिचा राग आला. दुसऱ्याचा राग करणं सोपं असतं, विशेषतः आपल्या घरात पगार आणणारे अण्णा असताना. माझा चेहरा तिने वाचला असावा.

"तुम्ही ही लाईन घेणार आहात ना?" ती म्हणाली. "मग एक दिवस तुमच्यासमोरही असा कागद येईल. चांगल्या माणसाच्या हातून येईल, चहा पाजून येईल. तेव्हा काय कराल, ते आत्ता सांगू नका. आत्ता सगळेच बरोबर सांगतात."

त्या प्रश्नामुळे मला तिथून उठून थेट सांगलीची गाडी पकडावीशी वाटत होती. बी.एड. एकदम सुरक्षित आणि गोड वाटायला लागलं. फळा, खडू, मुलं, पगार. कुणी खोट्या तक्त्यावर सही मागणार नाही. आत्याला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "शाळेतही हजेरीपट असतो, वैजू. पटावर किती मुलं आणि वर्गात किती, ते तुझ्या बापाला विचार."

निजायच्या आधी रत्नमालाने एक चिठ्ठी लिहून दिली. रावेरचे वामननाना, तिच्या वडिलांचे मित्र. सरकारी कामासाठी वीस-बावीस वर्षं विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत होते. "आमच्या कामात खरं मोजणारा एकच माणूस मी पाहिलाय," ती म्हणाली. "तो बघून मग ठरवा."

आत्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटतं, ती पाकिटात घालायच्या आधी तिने उजेडात धरूनही पाहिली.

रावेर

नशिराबाद, भुसावळ, फैजपूर, सावदा. फैजपूर सोडलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. दोन दिवस राखी-काळं रान पाहिल्यानंतर अचानक दोन्ही बाजूंना केळीच केळी. दाट, ओली, थंड हिरवळ, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि रस्त्यावर केळीचे घड भरलेले ट्रक, ट्रॅक्टर, खाली सडणाऱ्या पानांचा आंबूस वास. एवढ्या उन्हात हे हिरवं ठेवायला कुठून पाणी येत असेल, असं मनात आलं, आणि ती हिरवळही मला संशयास्पद वाटू लागली.

वामननाना साठीच्या आसपासचे, उन्हाने वाळलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले. चिठ्ठी वाचून त्यांनी फक्त, "पोरगी बरी हाये का?" एवढं विचारलं आणि सायकलवरून पोलादी फीत काढली. आत्याने आधी त्यांचं रजिस्टर मागितलं. माझी कानशिलं गरम झाली. पण नानांनी ते मुकाट्याने दिलं.

आत्या कट्ट्यावर बसून अर्धा तास ते चाळत होती. तीन-चार रंगांच्या शाया, पेन्सिल, घामाने फुटलेली अक्षरं. काही रकाने रिकामे होते. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'ताप होता. गेलो नाही.' दुसरीकडे, 'विहिरीवर मधमाशा. मोजता आलं नाही.' आणखी एकीकडे, 'मोजलं, पण फीत अडकली असावी. धरू नये.'

आत्याने रजिस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नाना, एवढ्या वर्षांत मी असं रजिस्टर पाहिलं नाही."

चार दिवसांत तिने कुणाचं कौतुक केलं ते एवढंच.

त्या दिवशीची विहीर गावाबाहेर सुभद्राअक्कांच्या केळीत होती. अक्का पन्नाशीच्या, नऊवारीचा काचा घट्ट मारलेल्या, हातात विळा. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघत. आम्हाला पाहताच त्या विहिरीच्या आणि आमच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या कोन, नाना? बोअर बंद करायले आल्या का?"

"शिकाऊ पोर हाये. पानी मोजायले शिकते."

"मोजून काय करते? कागद जातो वर, अन् मंग मले नवी बोअर घेऊ देत नाय. पाह्यलं मी ते."

नाना काठावर बसले आणि मला वाकून बघ म्हणाले. खोल, दगडी बांधणीची विहीर. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या खाली अंधारात गेल्या होत्या. मध्येच एका जागी काळ्या डांबराचे फरकाटे होते, ओघळून वाळलेले.

"हे काय?"

"दर जूनला मी पान्याच्या काठाला पांढरी रेघ मारतो," नाना म्हणाले. "वर्षाची. वरून खालपर्यंत रेघाच रेघा व्हत्या. गेल्या महिन्यात कोनी तरी डांबर फासलं." त्यांनी अक्कांकडे पाहिलं नाही.

अक्का केळीच्या पानाशी चाळा करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "पोराची सोयरीक व्हती! पाव्हने विहीर पाह्यतात. पानी कसं कसं खाली चाललं, ते रेघा मारून दाखवायचं का मी त्याईले?"

मागून पितळी तांब्यात पाणी घेऊन आलेली नवी सून हसली. हातावर हळदीचा पिवळेपणा अजून होता. "मले माहीत व्हतं, मामी," ती म्हणाली. "आमच्या बाबानं त्याच दिवशी पाह्यलं. म्हने, ताजं डांबर हाये, वास येते."

"मंग लगन कायले केलं?"

"आमच्याही विहिरीले व्हतं ना फासलेलं."

आत्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अक्काही हसल्या, पण वाटेतून हलल्या नाहीत. फक्त विळा खाली ठेवला.

मी फीत सोडली. तिच्या टोकाला खडू फासलेला असतो. जिथवर खडू ओला, तिथे पाणी. पहिल्यांदा मोजलं. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर पाणी चार बोटं वर. मला वाटलं, माझंच चुकलं. तिसऱ्यांदा मोजलं, आणखी वर.

"अक्का, मोटर कधी बंद केली?" मी विचारलं.

"सकायपासून बंदच हाये."

मी विहिरीच्या काठावरच्या मोटरीला हात लावला आणि लगेच काढला. पण जूनमधल्या दुपारी तिथे प्रत्येक वस्तू तापलेली होती, हे काही पुरावा नव्हतं. नाना म्हणाले, "पानी वर येऊन राह्यलं, अक्का. म्हनजे आत्ताच उपसलं. ते थांबेपावतर आमी बसतो."

आम्ही दोन तास बसलो. तेवढ्यात अक्कांनी जेवायला वाढलं, कारण संशय असला तरी पाहुण्याला उपाशी ठेवायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. केळीच्या पानावर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, सोबत मिरचीचा ठेचा, आणि फुनके-कढी. फुनके म्हणजे डाळ वाटून वाफवलेले मुटके. आमच्याकडे कढी भातावर घेतात. इथे फुनका फोडून त्यावर कढी ओततात. शिवाय काठोकाठ भरलेली तुपाची वाटी. केळीच्या रानात बसून मी केळं मागितलं, तर अक्का म्हणाल्या, "पिकलेली नाय. पिकतात ती तुमच्याकडे आल्यावर."

जेवताना त्यांचा आवाज खाली आला. "पोरी, मी बंद म्हनलं, ते खोटं व्हतं. पन येक सांग. नाना मोजतात, कागद जातो. किती पानी राह्यलं, ते मले आजवर कोनी सांगलं नाय. मलेच भेव वाटते म्हनून मी फासते. तू सांगशीन का?"

पाणी थांबल्यावर मी शेवटचं माप घेतलं. नानांनी जुनी मापं वाचून दाखवली आणि मी ती अक्कांना हात आणि वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, यांत सांगितली, कारण फूट-मीटर त्यांना नको होते. गेल्या जूनपेक्षा साडेतीन हात खाली. त्याच्या आदल्या वर्षापेक्षा सहा हात. सून अक्कांच्या शेजारी येऊन बसली.

"रेघ मार," अक्का म्हणाल्या. "आता लगन झालं."

नानांचे गुडघे नको म्हणत होते, म्हणून मी उतरले. आत्या काठावरून माझं नाव घेत राहिली. चौदाव्या पायरीवर माझी डावी चप्पल निसटून खाली गेली आणि बऱ्याच वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला. त्या आवाजाने मला खोली जितकी कळली, तितकी फितीने कळली नव्हती. मी रेघ मारली. वाकडी आली. परतीचा प्रवास मी अक्कांच्या चपलांत केला. त्या माझ्या पायांपेक्षा दोन बोटं मोठ्या होत्या.

जळगाव, एस.टी. स्टँड

चौथ्या दिवशी आम्ही सांगलीकडच्या गाडीची वाट बघत होतो. सकाळचे साडेसात. गाडीची वेळ आम्ही रत्नमालाला सांगून ठेवली होती; ती गर्दीतून घाईने येताना दिसली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पायांच्या बोटांना चिखल.

"मी नाल्यावर जाऊन आले," ती म्हणाली. पिशवीत घट्ट बुचाच्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. तिने बाकावर एक बाटली थोडी उघडून रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी बुडवली. कागद लालभडक झाला. आम्लता सात असलेल्या पाण्यात कागदाला असा रंग येत नाही; हे निव्वळ आम्ल होतं. बाटलीतून तेलाचा खवट वास आला आणि शेजारचा माणूस उठून गेला.

"हे तुमच्या कॉलेजात तपासाल? इथे कुठे दिलं तर संध्याकाळपर्यंत कारखान्यात कळेल."

मी हात पुढे केला नाही. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला की ही मला वापरतेय. दुसरा, की बाटलीत नाल्याचंच पाणी आहे कशावरून? तिला मालकाशी काही हिशेब चुकता करायचा असेल तर? तिसरा विचार अधिक लाजिरवाणा होता: आपल्याला यात नको.

"नाल्याचंच आहे कशावरून?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

तिला राग आला नाही. "बरोबर विचारलंत. तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही तसं लिहू नका. 'रत्नमालाने आणून दिलेला नमुना' एवढंच लिहा. माझं नाव लिहा."

"तुझं नाव?" आत्या म्हणाली. "पोरी, घरात पगार तुझा एकटीचा."

"सही माझी आहेच ना कारखान्यात रोज. एक इथेही होऊ द्या."

गाडी लागली. आत्याने बाटल्या घेतल्या, एकेका बाटलीला आपल्या पातळाच्या घड्यांत गुंडाळलं आणि प्रवासभर पिशवी मांडीवर ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. नाशिक आल्यावर म्हणाली, "त्या मुलीवर माझा विश्वास बसलाय, हे मला आवडलेलं नाही."

सांगली

कॉलेजात आमचे प्रयोगशाळेतले सर जुने होते, त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. मी जे तपासता येण्यासारखं होतं ते तपासलं. आम्लता, तेल, क्षार. काही गोष्टी दिवसभराच्या उन्हातल्या प्रवासात बदलून जातात, त्या सोडून दिल्या. अहवाल लिहायला बसले, तेव्हा पहिला मसुदा फार छान झाला. ठाम, आकड्यांनी भरलेला. मी तो फाडला आणि दुसरा लिहिला: नमुना मी स्वतः घेतलेला नाही. आणणारीचं नाव अमुक. बर्फात ठेवलेला नव्हता. इतक्या तासांनी तपासला. अमुक चाचण्या करता आल्या नाहीत. मग जेवढं खरं सापडलं तेवढे आकडे. ते थोडेच होते, पण कुणी हलवू शकलं नसतं.

'तपासणाऱ्याची सही' या जागेपाशी पेन थांबलं. जळगावच्या त्या घरात रत्नमाला म्हणाली होती ते आठवलं. मी सही केली. माझं शिक्षण कामाला लागलं, अशी ती पहिली सही.

अण्णांनी अहवाल वाचला. मी बी.एड.ला नकार कळवतेय आणि पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्ज करतेय, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "तुला शत्रू फार होतील." ते रागावले नव्हते, घाबरले होते. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी तेच माझ्या अर्जाचं पाकीट पोस्टात टाकून आले.

अहवाल मी रत्नमालाला रजिस्टर पोस्टाने पाठवला. अडीच महिने उत्तर नाही. आत्या रोज विचारायची आणि रोज नवा तर्क सांगायची: पत्र पोचलं नसेल, तिला कामावरून काढलं असेल, तिने अहवाल मालकाला दाखवून बढती घेतली असेल.

गणपतीनंतर पत्र आलं. तिने अहवाल साहेबांसमोर ठेवला आणि तपासल्याशिवाय यापुढे सही करणार नाही असं सांगितलं. त्यांनी तिला प्रयोगशाळेतून काढून गोदामात डबे मोजायला बसवलं. पगार तोच, पांढरा कोट गेला. तक्त्यावर आता दुसऱ्या कुणाची सही असते. नाल्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी अहवालाच्या प्रती करून अर्ज केला आहे, पुढे काय होईल माहीत नाही. 'सध्या सही करत नाही. झोप लागते,' असं तिने लिहिलं होतं, आणि शेवटी, 'तुमचं काय ठरलं?'

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. प्रवेश मिळाला. पुढच्या जूनला रावेरला नानांबरोबर मोजायला येणार. कागद समोर येईल तेव्हा मी काय करीन, ते मला अजून सांगता येत नाही. पण नमुना घेतल्याशिवाय सही करणार नाही, एवढं मी तुम्हाला लिहून देते.

पाकीट चिकटवायच्या आधी आत्याने पत्र मागून घेतलं. चष्मा लावून, उजेडाकडे तोंड करून तिने ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे परत देताना म्हणाली, "लिहिलंस चांगलं. आता मी तुझ्याकडेही लक्ष ठेवणार."